वाईट बातमी वरपर्यंत पोचते का?

मार्चअखेरची रात्रपाळी होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा गुणवत्ता विभागात काम करत होतो. रात्री बाराच्या आत माल गेटबाहेर पडावा आणि त्याचे बिल त्याच आर्थिक वर्षात धरले जावे, यासाठी सगळ्यांची धावपळ चालली होती. शेवटच्या तपासणीत एका बुशच्या, म्हणजे नळीसारख्या पोकळ भागाच्या, भोकात प्लग गेजची (भोकाचे माप तपासण्याच्या दांडीची) ‘नो-गो’ बाजू, म्हणजे जी आत जाताच कामा नये ती, अलगद आत गेली. दुसऱ्या बुशमध्येही गेली, तिसऱ्यातही गेली. यंत्राची सेटिंग संध्याकाळीच केव्हातरी हलली होती. यंत्रावरच्या कंत्राटी हेल्परकडे चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच्या हे आठ वाजताच लक्षात आले होते. मग बोलला का नाहीस, असे विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मागच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा अख्खा लॉट मलाच तपासत बसवला. वर सुपरवायझर म्हणाले, तुलाच बरं सगळं दिसतं.”

त्याचा हिशेब चोख होता. बोलल्यास चार तास जादा काम आणि एक टोमणा, गप्प बसल्यास काहीच नाही. कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ अशी पाटी होती आणि ती तो रोज वाचत असे; पण त्याने निर्णय घेतला तो मागच्या खेपेच्या अनुभवावरून.

व्यवसायातील नैतिकतेवर बोलू लागले की सचोटी, मूल्ये, पारदर्शकता, विश्वास असे मोठे शब्द येतात. ते खोटे नसतात, परंतु त्यांवरून एखादी कंपनी वीस वर्षांनी उभी असेल की नाही, याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. मला स्वतःला एकच कसोटी उपयोगी वाटते : ज्याला चूक सर्वांत आधी दिसते, त्याला ती सांगण्यासाठी काय किंमत मोजावी लागते? ही किंमत जाणीवपूर्वक कमी ठेवणे, प्रसंगी त्यासाठी स्वतः नुकसान सोसणे, हे नैतिक नेतृत्वाचे काम आहे. त्या किमतीबद्दल खालच्या माणसांनी अनुभवाने बांधलेला अंदाज म्हणजे कामाच्या ठिकाणची संस्कृती. आणि चूक पाचशे रुपयांची असतानाच कळावी, पाचशे कोटींची झाल्यावर कळू नये, एवढे साधले तर व्यवसाय टिकण्याची निम्मी लढाई जिंकल्यासारखी असते.

या कसोटीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे घडले. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. रोज सुमारे पाचांतला एक कामगार गैरहजर असे, तक्रारअर्जांचे ढीग साचलेले असत, आणि सदोष गाडी दिसली तरी ती तशीच पुढे सरकू दिली जाई, कारण लाइन, म्हणजे गाड्यांची सरकती जोडणी-रांग, थांबवण्याइतका मोठा गुन्हा तेथे दुसरा नव्हता. दोन वर्षांनी टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू केला. बहुतेक कामगार जुन्यांतूनच घेतले गेले आणि कामगार संघटनाही तीच राहिली. मात्र आता लाइनवरच्या कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. एखादा भाग नीट बसला नाही, बोल्ट आडवा गेला किंवा दिलेला वेळ पुरेनासा झाला, की ती ओढायची. ओढताच दिवा लागे, एक धून वाजू लागे आणि गटप्रमुख धावत येई. गाडी त्या कामगाराच्या हद्दीतून बाहेर पडण्यापूर्वी अडचण सुटली तर लाइन चालू राही, न सुटल्यास थांबे. या कल्पनेचे मूळ मोटारींत नसून मागात आहे : टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला होता, जेणेकरून वीतभर कापड बिघडले तर बिघडेल, पण पुढचा सगळा ताका वाया जाणार नाही.

दोरी काय, कोणीही टांगू शकतो. आपल्याकडील अनेक कारखान्यांत आज तशी बटणे आहेत आणि त्यांवर धूळही आहे. सारा प्रश्न दोरी ओढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचा आहे. धावत आलेल्या गटप्रमुखाचे पहिले वाक्य ‘कोणी केले हे?’ असे असेल, तर पुढच्या वेळी दोरीला हात लागणार नाही. ते ‘दाखव बरे, काय झाले?’ असे असेल, तर लागेल. फ्रीमाँटच्या जुन्या कामगारांना सुरुवातीला यावर विश्वास बसत नव्हता, आणि तो का बसावा? लाइन थांबवल्यास नोकरी जाते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले होते. तो विश्वास एकेका प्रसंगाने बसला. पुढे १९८७-८८ च्या सुमारास मागणी बरीच घटली, तेव्हाही कंपनीने कामगार कपात केली नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावले. तेव्हा दिलेला शब्द पाळला जातो, याची खूण पटली. गैरहजेरी काही टक्क्यांवर आली होती आणि गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधील कारखान्यांच्या जवळपास पोचली होती. माणसे बहुतांशी तीच, छप्पर तेच.

नुम्मीत जनरल मोटर्सचा निम्मा वाटा होता आणि तिचे व्यवस्थापक तेथे काम करून, शिकून जात होते. तरीही याच जनरल मोटर्सला २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष किल्लीच्या स्विचमध्ये होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघ्याचा धक्का बसला, की स्विच ‘चालू’वरून सरके, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि नेमक्या अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्तीला लागणारा सुटा भाग एका डॉलरपेक्षाही कमी किमतीचा होता आणि दोषाची कुणकुण कंपनीतील काही जणांना जवळजवळ दहा वर्षे होती.

मग ती वर का गेली नाही? कंपनीनेच करून घेतलेल्या चौकशीत याचे जे वर्णन आले, ते वाचताना आपल्याच एखाद्या मीटिंगमध्ये बसल्यासारखे वाटते. ‘जीएम नॉड’ असा शब्दच तेथे रूढ होता : एखादी उपाययोजना ठरते, सगळे माना डोलावतात, आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीही काही करत नाही. अहवालांत कोणते शब्द लिहू नयेत, याची ६९ शब्दांची यादीच कर्मचाऱ्यांना दिलेली होती. ‘दोष’ असे न लिहिता ‘रचनेनुसार काम करत नाही’ असे लिहावे, असा तिचा सल्ला होता. सर्वांत बोलका तपशील मात्र स्टोअरमधला आहे. पुढे स्विचची रचना सुधारण्यात आली, पण सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. ज्याने कधी स्टोअरचे रजिस्टर हाताळले आहे, त्याच्या अंगावर हे वाचून काटा येईल. सदोष आणि सुधारलेला भाग कागदावर एकच झाल्यामुळे काही वर्षांच्या गाड्यांत दोष आहे आणि नंतरच्या गाड्यांत नाही, याचे कारण चौकशी करणाऱ्यांना कितीतरी काळ सापडेना. शब्द लपवता लपवता कंपनीने स्वतःचेच डोळे झाकून घेतले होते. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करताना तिने ९० कोटी डॉलर भरले. गाड्यांची दुरुस्ती आणि पीडितांची भरपाई वेगळीच.

कधी कधी वाईट बातमी दाबण्याचा हुकूम कोणीच देत नाही, ते काम उद्दिष्टाचा आकडाच करतो. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आपली आठ उत्पादने मारण्याचे ध्येय ठेवले होते. शाखेतील कर्मचाऱ्यांना ते जमेना, तेव्हा ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावे लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आले तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे सांगण्यात आले. पाच हजारांहून अधिक माणसे एकाच पद्धतीने खोटे वागतात, तेव्हा पाच हजार स्वतंत्र अप्रामाणिक माणसे योगायोगाने एकाच बँकेत गोळा झाली होती, असे मानणे कठीण आहे. २०१८ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने वेल्स फार्गोच्या एकूण मालमत्तेच्या वाढीवरच मर्यादा घातली आणि ती सात वर्षांहून अधिक काळ, २०२५ पर्यंत, कायम राहिली. दंड एकदा भरून मोकळे होता येते. सात वर्षे वाढच न होणे ही व्यवसायाला बसलेली खरी झळ होय.

आपल्याकडचे उदाहरण अर्थातच सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नाही. त्या पत्रातील आकड्यांपेक्षा मला त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्ष नफा आणि दाखवलेला नफा यांत सुरुवातीला किरकोळ तफावत होती, ती वर्षागणिक वाढत गेली, आणि शेवटी वाघावर स्वार झालेल्या माणसासारखी अवस्था झाली : उतरावे तर वाघ खाणार. म्हणजे ज्या तिमाहीत ‘या वेळी नफा थोडा कमी झाला’ एवढेच सांगायचे होते, त्या तिमाहीत ते सांगितले गेले नाही. बाजाराकडून थोडी नाराजी पत्करणे ही तेव्हाची किंमत होती. ती टाळली गेली आणि तिच्यावर चक्रवाढ व्याज चढले.

येथे थोडे विषयांतर. गावोगावी धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची सुरुवात २००५ मध्ये हैदराबादेत याच राजूंनी उभारलेल्या संस्थेतून झाली. त्या सेवेने असंख्य जीव वाचवले आहेत आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण दानधर्म करणारी कंपनी नैतिकच असणार, ही आपल्याकडची घट्ट समजूत किती फसवी आहे, हे यावरून कळावे. कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तो नफा कसा कमावला, हा प्रश्न त्या दोन टक्क्यांनी सुटत नाही. सत्यम वाचली ती वेगळ्या कारणाने. सरकारने तातडीने नवे संचालक नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ती घेतली, हे खरेच. पण घेण्यासारखे काहीतरी शिल्लक होते, म्हणून ती घेतली गेली. वरच्या मजल्यावर हिशेब खोटे असतानाही खालचे हजारो अभियंते ग्राहकांचे काम खरेखुरे करत होते.

या प्रकरणानंतर कायदाही बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात असलेल्या, प्रत्येक कंपनीला दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. गैरप्रकाराची माहिती देणाऱ्याचा छळ होऊ नये यासाठी तीत संरक्षण असावे लागते, आणि विशेष परिस्थितीत त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचता यावे लागते. त्याच वर्षीच्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक केली. हे सारे आवश्यक होते. परंतु कायदा वाट बांधून देतो. तिच्यावरून चालण्याचे धाडस तो देऊ शकत नाही. वार्षिक अहवालात ‘प्राप्त तक्रारी : शून्य’ ही ओळ अनेक कंपन्या अभिमानाने छापतात. शेकडो माणसे जेथे वर्षभर एकत्र काम करतात, तेथे एकही तक्रार नसणे हे माझ्या मते अभिमानापेक्षा काळजीचे कारण आहे.

धाडसाचा संबंध शेवटी पोटाशी असतो. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला, भविष्य निर्वाह निधी आणि भरपगारी रजा १९२० मध्ये आली. देशाच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही आठवड्याला ४८ आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठेवली, आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला १९५२ मध्ये. १९२० सालीच तेथे मोठा संपही झाला होता, त्यामुळे हे सर्व केवळ मालकांच्या औदार्यातून आले असे चित्र रंगवण्याची गरज नाही. तरीही कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी हे घडले, ही गोष्ट उरतेच. अशा सोयींकडे आपण कल्याणकारी खर्च म्हणून पाहतो. मला त्यांत आणखी एक उपयोग दिसतो : ज्याला पुढच्या महिन्याच्या किराण्याची धास्ती नाही, तोच साहेबासमोर ‘हे बरोबर नाही’ असे म्हणू शकतो. आज मात्र यंत्राच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस बहुधा कंत्राटदाराचा असतो. त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते, आणि तो नकोसा झाला तर नोटीसही द्यावी लागत नाही. सकाळी गेटपास चालत नाही, एवढेच. चूक पहिल्यांदा दिसण्याची जागा आणि बोलण्याची ताकद या दोन गोष्टी आपण अशा रीतीने एकमेकींपासून तोडून टाकल्या आहेत, आणि मग गुणवत्तेसाठी सल्लागार नेमतो.

त्या दोन गोष्टी जोडून ठेवणारी एक व्यवस्था मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचे पुढे लिज्जत झाले. तेथे पापड लाटणारी कोणीही पगारी कामगार नाही. सगळ्या ‘बहिणी’, सगळ्या सहमालक, आणि नफ्याप्रमाणे तोटाही सगळ्यांचा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह ठेवण्याची युक्ती निघाली. ओलसर पापड पाकिटात भरून खपवण्यात त्यांतील कोणाचाच फायदा नव्हता, कारण परत आलेल्या मालाचा तोटा भरून देणारा दुसरा कोणी मालक नव्हता. आज या संस्थेत सुमारे ४५,००० बहिणी आहेत. प्रत्येक व्यवसाय असा चालवता येणार नाही. परंतु बातमीला जितके कमी जिने चढावे लागतील तितके बरे, एवढे त्यातून नक्की घेता येते.

आणि ही संस्कृती एकदा कमावली की कायमची राहते, असेही नाही. दोरीचा वस्तुपाठ देणाऱ्या टोयोटानेच २००९-१० मध्ये अचानक वेग घेणाऱ्या गाड्यांच्या तक्रारींबाबत माहिती दडवली, आणि २०१४ मध्ये त्यापोटी अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरले. माणसे आणि संघटना घडवण्याच्या वेगापेक्षा कंपनीच्या वाढीचा वेग जास्त झाला होता, अशी कबुली अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर दिली होती. फ्रीमाँटचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला : जनरल मोटर्स दिवाळखोरीत जाऊन भागीदारीतून बाहेर पडली होती आणि टोयोटाने एकट्याने तो चालवण्यास नकार दिला. चांगली संस्कृती ही काही सर्व संकटांवरची मात्रा नव्हे.

आमच्या त्या कारखान्यात मार्चअखेरचा तो माल थांबवला गेला, बिल पुढच्या वर्षात गेले, आणि व्यवस्थापकांना वरून बरेच ऐकून घ्यावे लागले. त्यांनी त्यानंतर एकच नियम केला : दोष ज्याने दाखवला त्याला फेरतपासणीला बसवायचे नाही, ते काम सुपरवायझरने आपल्या माणसांकडून करून घ्यायचे. पहिला महिना कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात रात्रपाळीतूनही नोंदी येऊ लागल्या. जूनअखेर रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नाकारलेल्या भागांचा, आलेख मार्चच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर गेला होता, जरी ग्राहकाकडून परत येणारा माल कमी झाला होता. आढावा बैठकीत मालकांनी तो आलेख बराच वेळ पाहिला आणि व्यवस्थापकांना विचारले, “मार्चपर्यंत तर सगळं ठीक होतं ना?”